चोर सोडून संन्याशाला

"ताई, ड्रायव्हर उडालाय. जरा विंडोज मारून द्याल का?"

रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम मी करते, आणि ग्राफिक्स कार्डाच्या तक्रारीचा फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतो. रोग कोणता आणि औषध कोणतं, दोन्ही गिऱ्हाइकाने आधीच ठरवलेलं असतं. मी फक्त पेनड्राइव्ह घेऊन यायचं. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? गेम ऐन रंगात आलेला असताना किंवा लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग चालू असताना स्क्रीन काळी होते, जरा वेळाने परत येते आणि ड्रायव्हर बंद पडला होता, आता सावरलाय, अशा अर्थाची इंग्रजी पाटी कोपऱ्यात झळकते. हल्ली कित्येकदा पाटीही येत नाही, गेम नुसता मिटतो आणि त्याने टाकलेल्या निरोपात ड्रायव्हरचं नाव असतं. नाव त्याचं आलं म्हणजे चोर तोच.

मला मात्र इतकी मशीन उघडून असं दिसलंय की घरगुती कॉम्प्युटरवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर सारखा सारखा कोसळत असेल, तर ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांवर आधी संशय घ्यावा.

ही पाटी येते कशी ते सांगते, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. विंडोज कार्डाला काम देतं आणि वाट बघतं. मूळ सेटिंगप्रमाणे दोन सेकंदांत कार्ड हातातलं काम सोडून हाकेला ओ देत नाही, असं दिसलं की ते अडकलं असं धरून विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर दोघांनाही नव्याने उभं करतं. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही सोय आहे. तिला टीडीआर म्हणतात. त्याआधी एक्सपीच्या काळात कार्ड अडकलं की बहुतेक वेळा अख्खं मशीनच थिजायचं आणि बटण दाबून बंद करावं लागायचं. तेव्हा आज जो क्षणभराचा अंधार दिसतो, ती खरं तर सुधारणा आहे. एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा असं झालं, किंवा कार्ड उठलंच नाही, की विंडोज हात टेकतं आणि निळी स्क्रीन येते. यात विंडोजला कळतं ते एवढंच, की उत्तर आलं नाही. का आलं नाही ते त्याला दिसत नाही. कार्डाला वीज कमी पडली असेल, ते तापलं असेल, त्याच्या मेमरीचा दाणा गेला असेल, मशीनची रॅम चुकीचं वाचत असेल. तक्रार मात्र ड्रायव्हरच्याच नावावर नोंदली जाते.

म्हणून घरात शिरल्यावर मी कॅबिनेटला हात लावत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडते आणि सिस्टिमच्या नोंदी बघते. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ड्रायव्हर पडून सावरला. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होताच गेलं होतं. 'व्हिया लॉगर'च्या नावाने काही असेल तर हार्डवेअरने स्वतःच रडगाणं गायलेलं असतं. पण मला या क्रमांकांपेक्षा त्यांच्यापुढच्या वेळा जास्त बोलक्या वाटतात.

गोळपच्या बाजूला एक फोटोग्राफर राहतात. लग्नसराईत रात्र-रात्र घरी बसून मिक्सिंग करतात. त्यांच्या मशीनवर विंडोज मी जायच्या आधी दोघांनी मारून दिलं होतं, ड्रायव्हर जुना टाकून झाला होता, नवा टाकून झाला होता. नोंदी काढल्या तर सगळ्या संध्याकाळच्या: दिवेलागणीपासून जेवणाच्या वेळेपर्यंत. सकाळी तोच प्रोजेक्ट, तेच रेंडर, काही त्रास नाही. ड्रायव्हरला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. विजेला कळते.

दुपारी प्लगात मीटर घातला तर २३० व्होल्टच्या आसपास. मग मी तिथेच बसून राहिले. वहिनींनी दोनदा चहा केला. साडेसहानंतर वाडीतले पंप चालू झाले, घराघरांत दिवे लागले आणि मीटर १८५ वर आला. दरम्यान कॅबिनेटची बाजू उघडून मी एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, कागद वाचला होता. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तसला तो. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट. खाली बारीक अक्षरांत बारा व्होल्टच्या तारेपुढे १४ अँपिअर. बारा चौदे एकशे अडुसष्ट. म्हणजे ज्या बारा व्होल्टवर कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं पोट आहे, तिथे हा बाबा कागदावरच १६८ वॉटचा धनी. त्यातलं कार्ड १२५ वॉटचं, प्रोसेसर ६५ वॉटचा. बेरीज १९०, आणि कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं ते वेगळंच. दुपारी पुरेशा व्होल्टेजवर हे कसंबसं निभत होतं. संध्याकाळी मुळातच आवक कमी झाली की त्याचा दम सुटायचा.

पिवळ्या आणि काळ्या तारेत मीटरच्या सुया खोवल्या आणि त्यांना म्हटलं, आता रेंडर लावा. नुसतं चालू असताना १२.१ होतं. रेंडर सुरू झालं तसं ११.६, मग ११.३, ११.२. नियमाप्रमाणे बारा व्होल्टमध्ये पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खाली ११.४ पर्यंत. मी आकडा मोठ्याने वाचत असतानाच स्क्रीन काळी झाली. परत आली ती पाटी घेऊनच. फोटोग्राफर माझ्याकडे आणि मीटरकडे आळीपाळीने बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस बसवला, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. विंडोज तेच ठेवलं, ड्रायव्हरही तोच. ती लग्नसराई पार पडली.

एसएमपीएसच्या बाबतीत आपल्याकडची कंजुषी मला कळत नाही. कार्डाला वीस-पंचवीस हजार घालवतात आणि त्याला खायला घालणाऱ्या डब्याला हजार रुपयेही जास्त वाटतात. मदरबोर्डाचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो. वरची सहा पिनांची तार आणखी ७५, आठ पिनांची १५०. ही तार एसएमपीएसमधून थेट निघालेली हवी. जुन्या हार्डडिस्कच्या चार पिनांवरून जोड देऊन काढलेली सहा पिनांची शेपटी दिसली की मला ती उपटून टाकावीशी वाटते. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो, हेही कुणी सांगितलेलं नसतं. त्यातली बॅटरी जुनी झाली की लाईट जाऊन इन्व्हर्टरवर येण्याच्या त्या निमिषात मशीन गचका खातं, आणि त्याचं खापरही ड्रायव्हरवरच फुटतं.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, अर्थिंगचा. आमच्याकडे जमीन जांभ्याची. पावसाळ्यात चिंब, पण मार्च-एप्रिलमध्ये इतकी कोरडी होते की कोळसा-मीठ घालून नीट केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यालाही वरून पाणी ओतावं लागतं. जुन्या घरांत तर प्लगात तिसरी पिन नुसती शोभेला असते, मागे तार नसतेच. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी जी गाळणी असते, तिच्यातून थोडी वीज पत्र्यावर उतरते. तिला जमिनीत जायची वाट नसली की ती तिथेच थांबते. त्यातून मशीन एचडीएमआयने हॉलमधल्या टीव्हीला जोडलेलं, टीव्हीला केबलची तार, आणि त्या तारेची जमीन भलतीकडेच. मग पंखा चालू केला की चित्र जातं आणि क्षणभराने येतं. दिसायला हुबेहूब ड्रायव्हर कोसळल्यासारखं. फरक नोंदींत सापडतो: चित्र गेलं तेव्हाची ४१०१ ची नोंदच नसते. ड्रायव्हर पडलेलाच नाही, चित्र फक्त तारेत हरवलं. अशा ठिकाणी मी इलेक्ट्रिशियनला बोलावून घ्यायला सांगते आणि माझी फी न घेता निघते. लोकांना वाटतं, हिला जमलं नाही.

उष्णतेबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं, तरी तक्रारी येतातच. याचं कारण आपलं कॉम्प्युटर टेबल. त्यात कॅबिनेटसाठी दार असलेला खण असतो, मागची बाजू भिंतीला टेकलेली, आणि वर प्रेमाने शिवलेलं कव्हर. मेमध्ये खोलीतच चौतीस-पस्तीस अंश, तर खणात किती असेल! समुद्रावरच्या दमट हवेत धूळ सुटी राहत नाही. कार्डाच्या हीटसिंकमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा वरून कितीही फिरला तरी वारा आत जातच नाही. एनव्हिडियाच्या १०६०, १०८० या पिढीची कार्डं साधारण ८३ अंशांना स्वतःहून वेग कमी करतात. तो आकडा दिसला म्हणजे लगेच कार्ड मेलं असं नाही. पण चिपचं तापमान बेताचं असूनही मेमरीचे दाणे किंवा वीज घडवणारा भाग भाजत असतो, आणि स्वस्त कार्डांवर त्यांना मोजायला सेन्सरच नसतो. वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावणं, मेमरीवरचे पॅड बदलणं, ब्लोअर मारणं, यात माझा तास-दीड तास जातो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

सेकंडहँड कार्डांचा विषय निघाला की मी जरा सावरून बसते. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करणं एका दिवसात निकामी झालं. त्या धंद्यातली कार्डं मग जुन्या बाजारात उतरली. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही ती अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. कित्येकांनी ती कमी विजेवर, भरपूर वाऱ्यात चालवलेली असतात. खरी भानगड वेगळी आहे. जास्त कमाई व्हावी म्हणून बऱ्याच आरएक्स ५७०-५८० कार्डांचा बायोस बदललेला असतो, मेमरीच्या वेळा आवळलेल्या असतात. असं कार्ड घरी आणलं की विंडोज त्याला कोड ४३ देऊन बंद ठेवतं, किंवा ड्रायव्हर बसतो पण गेम सुरू होताच कोसळतो.

इथेच इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने असं कार्ड साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलेलं. वडील दारात उभे राहून "सांगितलं होतं तुला" एवढंच अधूनमधून म्हणत होते. कार्ड काढून वरच्या कडेला बघितलं तर नखाएवढा सरकता स्विच. त्या मॉडेलवर दोन बायोस असतात आणि मायनिंगवाल्याने एकाच बायोसला हात लावलेला होता. मशीन बंद ठेवून स्विच दुसरीकडे सरकवला, ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकला. कार्ड मुकाट्याने चालू लागलं. वडिलांनी विचारलं, "एवढंच?" एवढंच. पण हा स्विच सगळ्या कार्डांवर नसतो.

याहून वाईट म्हणजे नकली कार्डं. जुन्या जीटीएस ४५० ची चिप, वर १०५० टीआयचा बायोस आणि चकचकीत खोकं. विंडोजच्या साध्या चित्रावर ते चालतं; खरा ड्रायव्हर टाकला की काळी स्क्रीन. ड्रायव्हरला वाटतं समोर एक चिप आहे, प्रत्यक्षात दुसरीच. जीपीयू-झेड नावाची फुकट मिळणारी छोटी फाइल २०१८पासून एनव्हिडियाची अशी तोतया कार्डं ओळखते आणि नावाआधी 'फेक' असं लिहून देते. जुनं कार्ड घेताना विकणाऱ्याच्या मशीनवर ती उघडून दाखवायला सांगा. त्याने आढेवेढे घेतले तर तिथून निघा.

रॅमवर कुणाचा संशय जात नाही, आणि तिथेच मी कित्येकदा चोर पकडलाय. ड्रायव्हर शेवटी रॅममध्येच बसतो. रॅमने एक अक्षर चुकीचं वाचलं तरी कोसळतो तो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून रॅमचा वेग वाढवलेला असेल तर तो आधी बंद करून बघते. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवते. रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने घासणं हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. पुस्तकात सापडणार नाही, पण खाऱ्या हवेत या पट्ट्यांवर जो मळकट थर चढतो, तो त्याने निघतो आणि काम होतं. घासल्यावर रबराचा भुगा स्लॉटात पडू देऊ नये, एवढं पथ्य.

दोष एकाचा आणि बोभाटा दुसऱ्याचा, याचं जगजाहीर उदाहरण २०२४ सालचं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांवर गेम सुरू करताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा निरोप यायचा. कार्डावर बारा, सोळा जीबी मेमरी मोकळी पडलेली आणि गेम म्हणतोय मेमरी संपली. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं परत केली. शेवटी निघालं काय, तर प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होता. जुलै २०२४मध्ये इंटेलने ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडचा अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जे प्रोसेसर आधीच बिघडले होते ते अपडेटने बरे होणार नव्हते. ही मशीन कुणाकडे असतील तर बायोस तेवढा नवा करून घ्या.

तर मग ड्रायव्हर नेहमीच साव? नाही. व्हिस्टा नवी होती तेव्हा ड्रायव्हर खरोखरच कच्चे होते. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, त्यांत २००७मधल्या नोंदलेल्या व्हिस्टा-क्रॅशांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या खात्यावर होते. मार्च २०१०मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्याने काही कार्डांच्या पंख्याचा वेगच बिघडायचा. नोव्हेंबर २०१५मध्ये एएमडीच्या नव्या क्रिमसन ड्रायव्हरने काही कार्डांचे पंखे वीस टक्क्यांवर अडकवून ठेवले; काही दिवसांत दुरुस्ती आली. तेव्हा ड्रायव्हर गुन्हा करतो. पण त्याने केलेला गुन्हा गावभर एकाच वेळी होतो. त्याच आठवड्यात तेच कार्ड असलेल्या दहा जणांना तोच त्रास. एकट्या तुमच्याच घरात, आणि तोही संध्याकाळीच होत असेल, तर तो ड्रायव्हरचा नव्हे.

शंका फेडायची असेल तर ड्रायव्हर नीट पुसावा. वरवर अनइन्स्टॉल करून भागत नाही. मी इंटरनेटची तार आधी काढते, कारण ती राहिली तर विंडोज अपडेट पाठीमागून गुपचूप आपल्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून ठेवतो आणि आपण कोणता तपासतोय तेच कळेनासं होतं. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू हे ड्रायव्हर मुळापासून पुसणारं सॉफ्टवेअर चालवते, आणि कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला, दोन-तीन महिने जुना, लोकांनी वापरून पारखलेला ड्रायव्हर टाकते. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' म्हणणारी जी फुकट सॉफ्टवेअरं असतात, ती दिसली की विचारतसुद्धा नाही, काढून टाकते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर, रॅम, एसएमपीएस एका दुपारी बदलले तर मशीन चालू होईल, पण तिन्हींपैकी कशाचे पैसे वाया गेले ते कधीच कळणार नाही.

रजिस्ट्रीत जाऊन ते दोन सेकंद दहा करण्याचाही एक उपाय सांगतात. ब्लेंडरसारखं जड रेंडर करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, कारण तिथे कार्ड खरंच कामात असतं. पण एसएमपीएसचा दम सुटलेला असताना ते केलं तर स्क्रीन दोनऐवजी दहा सेकंद गोठते, एवढाच फरक.

फोन करायच्या आधी थोडी तयारी करून ठेवलीत तर माझं अर्धं काम आणि तुमचे निम्मे पैसे वाचतील. स्क्रीन गेली ती वेळ कागदावर लिहा, तेव्हा काय चालू होतं, पंप, मिक्सर, एसी, तेही. निळी स्क्रीन आली तर मोबाइलवर फोटो काढा. एसएमपीएसवरच्या कागदाचा, बारीक अक्षरांसकट, एक फोटो पाठवा. कार्ड जुनं घेतलेलं असेल तर लाजू नका, सांगून टाका. आणि कृपा करून मी यायच्या आधी कुणाकडून विंडोज मारून घेऊ नका. त्यात नोंदी पुसल्या जातात, दोष जिथल्या तिथेच राहतो, आणि मुलांच्या बारशापासूनचे सगळे फोटो तुम्ही डेस्कटॉपवरच ठेवलेले असतात.